हरवलेल्या अवस्था

मी फक्त चहाचा डबा घ्यायला हात वर केला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण दिवसभर मी स्वतःला तेच बजावत होते. डबा वरच्या फळीवर असतो, फळीखाली टेबल, आणि टेबलाशी मुंगी पावाला लोणी लावत बसली होती. मुंगी म्हणजे माझी मुलगी, वय चौदा. हे नाव तिच्या बापानं पाडलेलं, कारण रांगायला लागली तेव्हापासून ती घरात कुठे आहे याचा आवाजच येत नसे. मी घाईत होते. चिडलेलीही होते, पण डब्यावर. रोजच्या वापरातली वस्तू सगळ्यात वरच्या फळीवर कुणी ठेवतं का, याची चीड. हात तिच्या डोक्यावरून गेला आणि मुंगी एकदम खाली गेली. बसल्या जागी मान खांद्यांत, डोळे मिटलेले, दोन्ही कोपरं कानांवर. हातातली सुरी मात्र तिनं पडू दिली नाही. समोर नवरा होता. त्यानं टेबलाच्या कडेचा काचेचा पेला आत सरकवला आणि त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर आ करून बसलेल्या पेशंटशी बोलतो त्या मऊ आवाजात म्हणाला, "अगं, आई आहे ती." मुंगीनं कोपरं खाली घेतली. "हो, माहितीये," असं म्हणून पुन्हा लोणी लावायला लागली, पावाच्या कडेपर्यंत, सगळीकडे सारखं. झालं. डब्याचं झाकण उघडायला याहून जास्त वेळ लागतो. मी उभ्या उभ्याच चहा प्यायले, जीभ पोळली, आणि निघाले.

रस्त्यावर येईपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. माझ्यापासून? माझ्या हातापासून लपते ही? या हातानं मी तिला एक चापट मारलेली नाही. दाताच्या डॉक्टरनं, म्हणजे तिच्या बापानं, तरी ती लहान असताना एकदा पाठीत धपाटा घातला होता, गरम इस्त्रीला हात लावायला गेली म्हणून. मी तेवढाही नाही. आयुष्यात ठरवलेली आणि शेवटपर्यंत पाळलेली अशी ही एकच गोष्ट माझ्याजवळ आहे. संशोधनात जे जे ठरवलं त्यातलं निम्मंही माझ्याच्यानं पुरं झालं नाही, पण हे झालं. आणि हे नाटक नेमकं आज व्हावं! संध्याकाळी नणंद येणार होती. ती दुसऱ्या शहरात पोहायला शिकवते, तिच्या घरात सगळे ओरडून बोलतात, आणि गेले काही महिने तिच्या डोक्यात भरलंय की मुंगीनं पुढची शाळा तिच्याकडे राहून करावी. तिच्या डोक्यात भरलंय की कुणी भरवलंय, ते मी विचारलेलं नाही. "मुंगी, तुला जायचंय का?" म्हटलं तर पोरगी म्हणते, "तिथल्या शाळेचं मैदान मोठं आहे." या मुलीनं जन्मात कधी मैदानावर पाय ठेवलेला नाही. मी नाही म्हणून टाकलं. माझी एकुलती एक मुलगी आहे आणि ती माझ्या घरात राहील, यात चर्चा कसली? नवऱ्यानं नेहमीसारखी मान डोलावली आणि नेहमीसारखंच स्वतःचं खरं केलं: बहिणीला बोलावून घेतलं, काय ते समोरासमोर ठरू दे म्हणाला. चालता चालता मी नणंदेला दारातूनच परत पाठवत होते, तिची ती भली मोठी पिशवी जिन्यावरून खाली भिरकावत होते, पिशवीमागोमाग तिलाही. मनातल्या मनात, अर्थात. मनातल्या मनात मी रोज दोन-तीन माणसं मारते. कोण मारत नाही?

वळणावर पोस्टाची जुनी इमारत पाडायचं काम चालू होतं. क्रेनला टांगलेला लोखंडी गोळा मागे जायचा, क्षणभर थांबायचा आणि भिंतीवर यायचा. बघायला ही गर्दी. हाताशी काम नसलं की लोकांना दुसऱ्याचं घर पडताना बघायला आवडतं. मीही थांबले. शेजारी भाजीची पिशवी घेतलेला एक म्हातारा होता. "ती वरची तुळई गेली की सगळं खाली येतंय बघा," तो म्हणाला. "तुळई नाही, तो मागचा खांब," मी म्हणाले. मला कळतं, मी खाणीतल्या माणसाची मुलगी आहे. पुढचा तडाखा खांबावर बसला आणि अख्खी बाजू गुडघ्यात मोडल्यासारखी खाली आली. माझ्या जबड्यात, दातांच्या मुळाशी, एक गोड कळ उठली. तोंडातून काहीतरी आवाजही निघाला असावा, कारण म्हातारा माझ्यापासून दोन पावलं बाजूला झाला. धुळीमुळे झाला असेल. धूळ खाली बसली तसं इमारतीचं पोट उघडं पडलं: प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक हात धुवायची बेसिनं, एका खुंटीवर कुणाचा तरी तपकिरी कोट. इतकी वर्षं तो आत लटकत होता आणि भिंत फुटल्याशिवाय कुणाला दिसला नसता. फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, असं माझा बाप म्हणायचा. मीही आयुष्यभर तेच करत आलेय, फक्त इस्त्रीचे कपडे घालून.

आमच्या धंद्यात प्रोटॉनला मारतात. प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण क्वार्क एकटा बाहेर काढता येत नाही. दोन क्वार्क एकमेकांपासून ओढावेत तर ओढ सैल होत नाही, जितकं लांब न्यावं तितका जोर लागत राहतो, आणि शेवटी तुटतं तेव्हा हातात सुटा क्वार्क येतच नाही, तुटल्या जागी नवी जोडी जन्माला आलेली असते. एकदा मुलाखत घ्यायला आलेला एक पेपरवाला हे ऐकून म्हणाला होता, "म्हणजे प्रेमासारखंच की, मॅडम!" त्याला मी बाहेर काढलं आणि दार जरा जोरात लावलं. दाराची काच गेली. ती तशीही सैल होती. माझं स्वतःचं काम याच्या पुढचं आहे. प्रोटॉनला नेमका तडाखा दिला की तो निमिषभर फुगतो, वेगळ्याच अवस्थेत जातो आणि फुटतो. ती अवस्था कुणी पाहत नाही, पाहणं शक्यच नाही, इतकी ती थोडा वेळ टिकते. उडालेले तुकडे तेवढे मोजायचे आणि उलटा हिशोब लावत जायचं, की तुकडे असे उडाले म्हणजे इथे मध्ये काहीतरी होऊन गेलं. आलेखावर एक उंचवटा दिसतो, बस. माझं गणित सांगतं की अशा अवस्था भरपूर आहेत, आणि प्रयोगवाल्यांना सापडलेल्या त्या मानानं थोड्या. उरलेल्यांना आमच्यात हरवलेल्या अवस्था म्हणतात, आणि त्यांच्यावरून माझी टिंगल करण्यात निम्म्या जगाची कारकीर्द गेली. मी एकच सांगत आले. हरवलेलं काही नाही, तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. फुटण्याच्या वाटा अनेक असतात, तुम्ही एकाच वाटेनं येणारे तुकडे मोजता आणि दिसलं नाही म्हणजे नाहीच म्हणता. वर चाळण लावता: अमुक एका जोराच्या वरचं तेवढं खरं, खालचा सगळा नुसता आवाज, द्या फेकून. आज दुपारी त्याचाच निकाल होता. माझा जुना विद्यार्थी लांब्या, आता तो मोठ्या प्रयोगाच्या गटात आहे, भाषण द्यायला येणार होता, आणि काय सापडलं ते त्यानं रिवाजाप्रमाणे कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

बाप खाणीत सुरुंग लावायचा. दगडात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. तो घरी यायचा तेव्हा मी पलंगाखाली असायचे आणि त्याच्या बुटांकडे कान लावून असायचे. दोन्ही बूट लागोपाठ पडले तर जेवण. एक पडला आणि दुसरा पडायला वेळ लागला तर आई. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं भाकीत, आणि ते एकदाही चुकलं नाही. आईचा डावा कान तसाच गेला, ओट्याशी उभी असताना, उघड्या पंजाच्या एका फटक्यात. हातातलं दुधाचं पातेलं मात्र तिनं सोडलं नाही. पुढे ती उजवा कान उशीत दाबून झोपायला लागली, म्हणजे तिला काहीच ऐकू येत नसे, आणि तिच्या वाटणीचंही मग मीच ऐकायचे. एकदा बापानं मला खाणीवर नेलं होतं. त्या दिवशी त्यांनी लावलेल्यातला एक सुरुंग उडाला नाही. एरवी एकमेकांच्या आयाबहिणी काढणारी ती माणसं दगडाआड चिडीचूप बसून राहिली. मी विचारलं, आता काय? बाप म्हणाला, "फुटला त्याला कोण भितंय? जो राहिला त्याला भ्यायचं." त्यातला एक जण बसून बसून कंटाळला आणि विसरलेली कुदळ आणायला म्हणून उठला. आवाज मला आठवत नाही. त्याची टोपी आठवते, ती बराच वेळ वर होती. बाकीचं गोळा करायला त्यांनी पोती नेली आणि बापानं माझं तोंड स्वतःच्या पोटाशी दाबून धरलं. मला त्याच्या अंगाला येणारा दारूगोळ्याचा वास आवडला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याच संध्याकाळी घरी एकच बूट पडला. आपण याच्यासारखं व्हायचं नाही, हात उचलायचा नाही, हे मी पलंगाखाली पालथी पडून ठरवलं आणि विषय संपवला.

संस्थेत, भाषणाच्या खोलीत, फळ्याच्या कोपऱ्यात उंचवटा कुठे दिसेल त्याचा माझा आकडा होता, भोवती चौकट. ही आमच्याकडची रीत. ज्यानं भाकीत केलं त्यानं ते खडूनं लिहून चौकट काढायची, मग निकाल लागेपर्यंत तो कोपरा कुणी पुसत नाही, झाडणारी बाईसुद्धा फडकं वळवून नेते. माझी चौकट इतकी जुनी की नव्या पोरांना ती फळ्याचाच भाग वाटायची. लांब्या उभा राहिला, तसाच वाकलेला, शर्टाची बाही तशीच तोकडी. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आम्ही नवीन असं फार काही केलं नाही. नेहमीचं दार सोडून दुसऱ्या दाराशी उभे राहिलो, आणि आधीच्या लोकांनी लावलेली चाळण काढून टाकली. मॅडम आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगायच्या, चाळण कुणी लावली ते आधी बघा. लावणाऱ्याला जे दिसायला नको असतं, तेच नेमकं खाली पडतं." लोक हसले. मग त्यानं आलेख दाखवला आणि हसणं थांबलं. उंचवटा होता. ढोबळ, बुटका, पण होता, आणि होता तो माझ्या चौकटीतल्या आकड्यापाशी. टाळ्या सुरू झाल्या. मागून कुणी तरी ओरडलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला!" माझ्या छातीत असं काही दाटून आलं की मला त्या क्षणी कुणाला तरी मिठी तरी मारायची होती नाही तर गळा तरी धरायचा होता. मग थोरले उठले. हे आमचे विभागप्रमुख, सगळे त्यांना थोरलेच म्हणतात, आणि माझ्या गणितावर हसण्यात त्यांनी कधी हयगय केलेली नाही. "अभिनंदन," ते म्हणाले, "पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली नाही कशावरून? एकाच दारानं दिसलंय. हाच उंचवटा आणखी एखाद्या दारानं दिसू दे, मग मी मानीन." त्यांचं बरोबर होतं. मी असते तर हेच म्हटलं असतं. त्याच क्षणी माझा हात टेबलावर पडला.

नुसता टेबलावर. पाण्याची बाटली उडून खाली गेली, खडूची पेटी सांडली, आणि पहिली रांग मागे सरकली. सगळी, एकदम, कवायतीसारखी. कुणी दचकलं नाही, हे मला दिसलं. दचकायला आधी आश्चर्य वाटावं लागतं. थोरल्यांनी चष्मा काढून मुठीत घेतला. आणि माझ्या हाताशेजारी उभ्या असलेल्या लांब्यानं, माझ्याकडे न बघता, बोलणंही न तोडता, टेबलाच्या कडेचा आपला लॅपटॉप आत सरकवला. सकाळी नवऱ्यानं पेला सरकवला होता तसाच. तेवढाच, त्याच बेतानं. पुढचे प्रश्न काय झाले मला माहीत नाही. लोक येऊन हात मिळवत होते, मी हात देत होते. प्रत्येक जण आधी माझ्या हाताकडे बघतो आणि मग तोंडाकडे, असं मला वाटत राहिलं. लांब्याला मी जिन्याजवळ गाठलं.

"लॅपटॉप का सरकवलास?"

"कधी?"

"मी टेबलावर हात मारला तेव्हा."

"सरकवला का? सवय, मॅडम." तो हसला. "तुमच्या खोलीत यायचं असलं की आम्ही चहाचे कप बाहेर ठेवून यायचो ना. म्हणजे आत फुटण्यासारखं काही नको."

"मी कधी कुणाला मारलं?"

"छे छे! काहीतरीच काय!"

"मग?"

"मारलं नाहीत, खरंच. कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन." त्यानं पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तो खूश होता, आजचा दिवस त्याचाही होता, आणि खुशीत माणसाची जीभ सैल सुटते. "बाहेरच्या बाकावर पैजा लागायच्या आमच्या. आज सुरुंग उडतो की नाही म्हणून."

"काय उडतो?"

त्यानं जीभ चावली. "तुमचं नाव होतं ते. आमच्यात. सगळ्यांनाच असतात, मॅडम, थोरल्यांना तर..."

माझ्या बापाबद्दल मी संस्थेत कधीही, कुणाजवळही बोललेले नाही. मी लांब्याकडे पाहत राहिले. त्याची मान लांब, कंठ पुढे आलेला, आणि तिथेच हाणावं असं वाटून माझी मनगटं गरम झाली. सुरुवात नेहमी मनगटांपासून होते. तो हसत हसत एक पायरी खाली उतरला. भीती चेहऱ्यावर अजिबात नव्हती, फक्त पायांत होती. मी म्हटलं, भाषण छान झालं, आणि तिथून निघाले. लोक मिठाईचा डबा उघडत होते तरी मी थांबले नाही.

परत येताना मी माझ्या बाजूनं जोरदार लढले. दोन माणसांनी दोन वस्तू सरकवल्या, त्यात काय एवढं? टेबलाच्या कडेला वस्तू असली की शहाणा माणूस ती आत सरकवतोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. हे वाक्य माझ्या डोक्यात आलं ते थोरल्यांच्याच आवाजात, आणि मी भर रस्त्यात थांबले. दोन वेगवेगळी दारं, घर आणि संस्था, एकमेकांशी काही संबंध नसलेली, आणि दोन्हीकडे नेमका तोच उंचवटा. हेच दुसऱ्या कुणी माझ्यापुढे ठेवलं असतं तर मी काय म्हटलं असतं? मी म्हटलं असतं, सापडली. पाडकामाजवळचा तो तपकिरी कोट आता ढिगाऱ्यावर पडला होता आणि एक माणूस तो फावड्यानं बाजूला ओढत होता. घराचा जिना चढताना मी काही आठवायचं नाही असं ठरवलं होतं, पण वस्तू आपण होऊन पुढे येत गेल्या. बैठकीच्या दाराची खालची फळी इतर फळ्यांपेक्षा नवी आहे. ती वाळवीनं गेली होती, मी नुसता पाय लावला. घड्याळाला काच नाही. खिळा सैल होता. खुर्चीच्या पायाला डिंक, आरशाच्या जागी दुसराच आरसा, नवऱ्याच्या रेडिओला बटण नाही. आमच्या घरात सगळ्या ताटल्या स्टीलच्या आहेत, कारण, असं मी पाहुण्यांना सांगत आले, त्या टिकतात. काचेचा एकच पेला उरलाय. आणि मुलगी आहे, जिला फ्रिजचं दार आवाज न करता लावता येतं, जिला कोणती फरशी वाजते ते पाठ आहे, जिचं शेजारीपाजारी कौतुक करतात, किती हो शांत पोरगी, आणि ते कौतुक मी घेत आले. मारणं म्हणजे काय, हे मी पलंगाखाली ठरवलं होतं: हात अंगाला लागला तर मार, त्याच्या खालचा सगळा नुसता आवाज. ही चाळण दुसऱ्या कुणी लावलेली नव्हती. माझा मला इतका संताप आला की जिन्याचा कठडा मी दोन्ही हातांनी हलवला. तो तसा पहिल्यापासून हलतोच.

नणंद आलेली होती. "ये वहिनी, बस, चहा घे आधी," ती म्हणाली, पण नेहमीचा तिचा तो घरभर जाणारा आवाज आज खाली होता. नवरा ओट्याशी. मुंगी सकाळच्याच जागी बसलेली, आणि तिच्या पायाशी तिची पिशवी, भरलेली, चेन लावलेली. जिन्यात जे काही मला कळलं होतं ते सगळं त्या चेनकडे बघून जळून गेलं.

"ठरायच्या आधीच पिशवी भरून झाली?" मी म्हणाले. "छान. मला कशाला विचारताय? मी कोण?"

"रात्रीची गाडी आहे, वहिनी. तू हो म्हणालीस तर आयत्या वेळी घाई नको म्हणून मीच भरायला सांगितली. तू नाही म्हणालीस तर रिकामी करू."

"मी तुझ्याशी बोलत नाहीये. मुंगी, इकडे बघ. मी तुला कधी मारलंय?"

"नाही."

"एकदा तरी?"

"नाही, आई."

"मग सकाळी काय होतं ते?"

"अगं, जाऊ दे ना," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस! मी तिला विचारतेय."

मुंगी टेबलाकडे बघत होती. मग बोलली, हळू, एकसारखं, कुणाला गणित समजावून सांगावं तसं. "तू मारत नाहीस, मला माहितीये. पण अजून मारलं नाहीस म्हणून मला रोज वाटतं, आज मारशील. एकदा मारलं असतंस तर केवढं लागतं ते तरी कळलं असतं."

तो पेला माझ्या हातात होता. उचललेला मला आठवत नाही. तिघंही माझ्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे कुणी नाही; नणंदही, म्हणजे तिलाही सगळं सांगितलेलं होतं. मला तो फेकायचा होता. खोटं कशाला बोलू? तिच्यावर नव्हे, तिच्यावर कधीच नव्हे. तिच्या डोक्यापासून दोन हात लांब, फळीखालच्या भिंतीवर, जिथे रंगाचा पोपडा गेलाय. ती जागा माझ्या हाताला पाठ आहे. बाप नेम धरून मारायचा, मी नेम धरून चुकवते, आणि या एवढ्या फरकावर मी चौदा वर्षं मान ताठ ठेवून जगले. मुंगीची कोपरं वर येत होती. मी पेला फेकला नाही. खाली ठेवायचा प्रयत्न केला, बोटं उघडेनात, मग आवळला. आवळत गेले. आधी काही झालं नाही, मग तो माझ्या मुठीत फुटला, आणि घरातल्या सगळ्या फुटण्यांत हाच आवाज सगळ्यात लहान होता. रक्त टेबलावर आलं, मुंगीनं सकाळी वापरलेल्या ताटलीत आलं. नणंदेनं तोंडावर हात दाबला. नवरा येऊन माझी बोटं एकेक करून उघडायला लागला. "थोडं टोचेल हं," तो म्हणाला. मला हसू आलं आणि हसताना रडू आलं, आणि त्या दोन्हीतून मी ओरडले, "जा!" मुंगी हलली नाही. मग मी तेच पुन्हा म्हणाले, या वेळी माणसासारखं. "जा तू. आत्याबरोबर जा. मी हो म्हणतेय."

"नक्की?" तिनं विचारलं. माझ्या हाताकडे बघून.

"नक्की."

ती उठली. माझ्याजवळ आली, अगदी जवळ नाही, आणि काचा नसलेल्या बाजूनं माझ्या खांद्याला एक बोट लावलं, इस्त्री तापली का बघतात तसं. मग पिशवी उचलली. नणंद म्हणाली, "वहिनी, मी फोन करते," आणि दोघी बाहेर गेल्या. दार मुंगीनं लावलं. कडी बसल्याचा आवाज आला नाही, तिच्या हातून कधी येतच नाही. नवरा वाकून चिमट्यानं काचेचे कण काढत होता, दात कोरताना असतो तसा श्वास रोखून. मी दाराकडे बघत होते. जिन्यावर धाड झालं. मग पुन्हा धाड, मग लागोपाठ, दोन दोन पायऱ्यांवरून उड्या, पिशवी कठड्यावर आपटत, मध्येच कसलं तरी ओरडणं, त्यावर नणंदेचं खदाखदा हसणं, आणि सगळ्याच्या वर ती पावलं, जड, बिनधास्त. इतकी वर्षं एका घरात राहून मी ती कधी ऐकली नव्हती. खाली इमारतीचा लोखंडी दरवाजा असा काही आपटला की खिडकीची तावदानं थरथरली.

माझी मान खांद्यांत गेली होती. डोळे मिटलेले, दोन्ही कोपरं कानांवर, आणि फाटलेल्या तळहाताचं रक्त मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. नवऱ्यानं चिमटा खाली ठेवला.

"अगं," तो म्हणाला, "मुंगी आहे ती."